मेंदूतील रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय

मानवी मेंदूचे वजन सुमारे १,४०० ग्रॅम असते. शरीराच्या एकूण वजनाचा तो जेमतेम पन्नासावा हिस्सा. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ सातवा वाटा हा एकटा अवयव घेतो आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा त्यालाच लागतो. यकृताला किंवा स्नायूंना थोडीफार शिल्लक साठवून ठेवता येते; मेंदूला ती सोय नाही. रक्त थांबले की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांपुढे नेहमी दोन प्रश्न असतात. मेंदूची रचना शाबूत आहे काय? आणि त्या रचनेला रक्त किती मिळते आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमीचा एमआरआय देतो. दुसऱ्याचे उत्तर देणारी तपासणी ‘परफ्युजन’ किंवा ‘एएसएल’ अशा नावांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसते आणि रुग्णाचे नातेवाईक गोंधळात पडतात. तपासणीनंतर हाती येणारे लाल, पिवळे, निळे चित्र तर आणखीच बुचकळ्यात टाकते. ही तपासणी नेमके काय मोजते आणि तो आकडा कितपत विश्वसनीय मानावा, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

घंटेच्या नादापासून आकड्यापर्यंत

मेंदूतील रक्ताचा मागोवा घेण्याची कल्पना एमआरआयपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील तुरीन येथे आंजेलो मोस्सो नावाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे बेर्तिनो नावाचा एक शेतकरी रुग्ण होता. त्याच्या कवटीला इजा होऊन भोक पडले होते व तेथून मेंदूचे स्पंदन नोंदविता येत असे. एके दिवशी मध्यान्हीची चर्चची घंटा वाजली आणि बेर्तिनोच्या मेंदूचे स्पंदन अकस्मात वाढले. मोस्सो यांना शंका आली. “घंटा ऐकून तुला ‘आवे मारिया’ म्हणण्याची आठवण झाली काय?” अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी केला. बेर्तिनोने होकार दिला आणि त्या क्षणी स्पंदन पुन्हा वाढले. मनात विचार उमटला की मेंदूकडे रक्ताचा ओघ वाढतो, याचा तो आरंभीच्या पुराव्यांपैकी एक होय. मोस्सो यांनी आपली निरीक्षणे १८८०च्या सुमारास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

तथापि स्पंदन वाढले म्हणजे रक्त नेमके किती वाढले, हे त्यावरून सांगता येत नव्हते. तो आकडा मिळण्यास आणखी साठेक वर्षे जावी लागली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४५ ते १९४८ या काळात एक रीत सिद्ध केली. व्यक्तीला सौम्य प्रमाणात हास्यवायू हुंगावयास देत. त्याच वेळी एक सुई धमनीत आणि दुसरी मानेतील, मेंदूकडून परतणाऱ्या मोठ्या शिरेत घालून ठरावीक अंतराने रक्ताचे नमुने घेत. मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूकडून येणाऱ्या रक्तातील वायूच्या तफावतीवरून त्यांनी हिशेब मांडला. निरोगी तरुणांच्या मेंदूत दर १०० ग्रॅमला दर मिनिटास सुमारे ५४ मिलिलिटर रक्त फिरते, असे उत्तर आले. आज पाऊणशे वर्षांनंतरही पाठ्यपुस्तकांतील ‘साधारण ५०’ हा आकडा याच घराण्यातला आहे. परंतु ही संपूर्ण मेंदूची सरासरी होती. मेंदूच्या एका कोपऱ्यात दुष्काळ आणि दुसरीकडे सुकाळ असेल, तर सरासरीला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय मानेत सुई टोचून घेणे ही काही कोणी हौसेने करून घ्यावी अशी गोष्ट नव्हती.

तीन वाटा

एमआरआयने रक्तप्रवाह पाहण्याच्या मुख्यतः तीन रीती आहेत. पहिल्या रीतीत गॅडोलिनियम हे धातूपासून बनविलेले औषध हाताच्या शिरेतून वेगाने टोचतात. ते मेंदूतून जात असताना चित्र क्षणभर काळवंडते आणि पुन्हा उजळते. कोणता भाग केव्हा काळवंडला, किती आणि किती वेळ, यावरून तेथील रक्ताची स्थिती ताडता येते. १९९१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील संशोधकांनी याच रीतीने, डोळ्यांसमोर प्रकाश चमकविल्यावर दृष्टीशी संबंधित भागातील रक्त वाढते, हे प्रथमच एमआरआयवर दाखविले. ही रीत जलद आहे, एक-दोन मिनिटांत आटोपते. मात्र तिच्यातून काटेकोर आकडा काढणे कठीण असते. उजव्या भागापेक्षा डावा भाग किती मागे आहे, अशी तुलनाच प्रायः हाती लागते.

दुसरी अडचण औषधाची. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांना गॅडोलिनियमच्या जुन्या प्रकारांमुळे त्वचा व अंतर्गत अवयव कठीण होत जाणारा गंभीर आजार जडतो, हे २००६ साली उघड झाले. नव्या प्रकारांत हा धोका अत्यल्प आहे. तरीही औषधाचे सूक्ष्म अंश मेंदूत रेंगाळतात, असे २०१४ पासून दिसून आले आहे. त्याने अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही, परंतु तान्ह्या बालकाला किंवा वारंवार तपासणी लागणाऱ्या रुग्णाला ते टोचताना डॉक्टर सहाजिकच विचार करतात.

दुसरी रीत मानेतील मोठ्या धमन्यांतून एकूण किती रक्त वर जाते, तेवढेच सांगते. मेंदूत त्याची वाटणी कशी झाली हे नाही. तिसरी रीत मात्र खरोखर विलक्षण आहे, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच आहे. तिच्यात बाहेरून काहीही टोचावे लागत नाही. रुग्णाचे स्वतःचे रक्त हेच तिचे औषध.

रक्तावर केलेली खूण

वसईच्या वाडीत बावखलातील पाणी पाटाने केळीच्या वाफ्यांत सोडतात. कोणत्या वाफ्याला किती पाणी पोहोचते हे पाहावयाचे असेल, तर पाटाच्या मुखाशी थोडा रंग टाकावा आणि कोणता वाफा किती रंगला ते पाहावे. तिसऱ्या रीतीचे तत्त्व हेच. येथे पाटाचे मुख म्हणजे मान, वाफे म्हणजे मेंदूचे भाग. आणि रंग म्हणजे चुंबकीय खूण.

रक्तात बहुतांश पाणी असते. पाण्यातील हायड्रोजनच्या अणूंची केंद्रके इवल्याशा होकायंत्रांसारखी वागतात. तीन टेस्ला शक्तीच्या यंत्रातील चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे साठ हजार पट असते आणि त्यात या केंद्रकांचा कल चुंबकाच्या दिशेने राहतो. मानेतून वर जाणाऱ्या रक्तावर ठरावीक रेडिओलहरी सोडल्या की तेथून जाणाऱ्या केंद्रकांची दिशा उलटी होते. हीच ती खूण. सुमारे १.८ सेकंद अशी खूण करीत राहायचे, नंतर तेवढाच वेळ थांबायचे. या विरामात खूण केलेले रक्त मेंदूत पोहोचते आणि त्यातील पाणी केशवाहिन्यांच्या भिंतींतून आजूबाजूच्या पेशींत उतरते. मग चित्र घ्यायचे. लगेच दुसरे चित्र खूण न करता घ्यायचे आणि एकातून दुसरे वजा करायचे. स्थिर असलेले सारे काही वजाबाकीत नाहीसे होते आणि उरते ते केवळ नव्याने आलेले रक्त. त्याला योग्य त्या गुणकांनी भागले की दर १०० ग्रॅमला दर मिनिटास इतके मिलिलिटर, हा केटींच्याच एककातील आकडा मिळतो. परंतु आता मेंदूच्या प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा.

ही रीत १९९२ साली जॉन डेट्र, डोनाल्ड विल्यम्स, ॲलन कोरेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूवर प्रथम दाखविली आणि लवकरच ती मानवापर्यंत आली. पण रुग्णालयांतील दैनंदिन वापरात रुळायला तिला वीस-बावीस वर्षे लागली. कारण उघड आहे. वजाबाकी करून जे उरते, ते मूळ चित्राच्या जेमतेम एक टक्का असते. बाजाराच्या गलबल्यात कोणाची कुजबुज ऐकण्यासारखा हा प्रकार. म्हणून तीच जोडी पुन्हा पुन्हा, तीसेक वेळा घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते आणि तपासणीला चार-पाच मिनिटे लागतात. त्या अवधीत रुग्णाने डोके किंचित हलविले, तरी वजाबाकी फसते. तंत्रज्ञ वारंवार “हलू नका” असे बजावतात, त्यामागे हे कारण आहे. मूळ चित्र धूसर झाले तर ते चटकन लक्षात येते. फसलेल्या वजाबाकीचे मात्र रंगीत चित्र तयार होते आणि ते दिसायला चांगले असते. धोका तेथेच आहे.

उशिरा पोहोचणारे रक्त

या रीतीची खरी कसोटी विरामाच्या काळात लागते. चुंबकीय खूण कायमची नसते. तीन टेस्लाच्या यंत्रात दर १.६५ सेकंदांनी ती एक तृतीयांशाच्या थोडी वर, म्हणजे ३७ टक्क्यांवर येते. पाटात टाकलेला रंग वाटेतच विरत जावा, तसे. फार थांबावे तर रंग उरत नाही. लवकर चित्र घ्यावे तर रक्त अद्याप वाटेतच असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एकमुखी शिफारशींत म्हणूनच बालकांसाठी १.५ सेकंद, निरोगी प्रौढांसाठी १.८ सेकंद आणि सत्तरीपुढील व्यक्तींसाठी व प्रौढ रुग्णांसाठी २ सेकंद असा विराम सुचविला आहे.

आता ज्याच्या मानेतील धमनी चरबीच्या थराने अरुंद झाली आहे, अशा ज्येष्ठ रुग्णाचा विचार करू. त्याचे रक्त आडवाटेने, अन्य धमन्यांच्या जोडरस्त्यांनी वळसा घेत मेंदूत पोहोचते. त्याला तीन सेकंद लागले आणि चित्र दोन सेकंदांनी घेतले, तर तो भाग चित्रात काळा दिसेल. प्रत्यक्षात तेथे पुरेसे रक्त पोहोचत असू शकेल, फक्त उशिरा. जे रक्त उशिरा येते आणि जे येतच नाही, त्यांतील फरक हे एकटे चित्र सांगू शकत नाही. अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ अशा वेळी काळ्या भागाच्या कडेला धमन्यांत अडकल्यासारखे दिसणारे उजळ ठिपके व रेषा शोधतात; खूण केलेले रक्त तेथवर आले आहे, वाटेत आहे, याची ती साक्ष असते. अलीकडे एकाच तपासणीत वेगवेगळे विराम ठेवून अनेक चित्रे घेण्याची पद्धतही वापरतात. त्यावरून रक्त किती आणि केव्हा पोहोचते, हे दोन्ही कळते. तपासणीच्या अहवालात विराम किती ठेवला होता याचा उल्लेख असावा, असा आग्रह जाणकार धरतात तो याचसाठी. विरामाशिवाय दिलेला आकडा म्हणजे गाडी कितीला सुटली हे न सांगता ती अजून आली नाही एवढेच सांगण्यासारखे आहे.

पक्षाघाताच्या वेळी

या साऱ्या खटाटोपाचे मोल सर्वाधिक कळते ते पक्षाघाताच्या प्रसंगी. धमनीत रक्ताची गुठळी अडकली की पुढील भागाचा प्रवाह घटतो. तो दर १०० ग्रॅमला साधारण २० मिलिलिटरच्या खाली गेला की पेशी काम थांबवितात. हात उचलत नाही, जीभ जड होते. १० च्या खाली गेला की पेशी थोड्याच वेळात मरतात. या दोन आकड्यांच्या दरम्यान जो भाग असतो तो मुका झालेला, परंतु जिवंत असतो. गुठळी दूर झाली तर तो पुन्हा बोलू लागतो; न झाली तर तासागणिक मरणाऱ्या भागात जमा होत जातो.

एमआरआयचे एक चित्र मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला भाग दाखविते आणि रक्तप्रवाहाचे चित्र एकूण उपाशी भाग दाखविते. दोहोंतील तफावत म्हणजे वाचविता येण्याजोगा मेंदू. पूर्वी केवळ घड्याळ पाहून निर्णय होत असे. सहा तास उलटले की गुठळी काढण्याचा विचारच सहसा सोडून देत. अमेरिकेत १८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिफ्यूज ३’ या अभ्यासाने ही समजूत बदलली. सहा ते सोळा तास उलटून गेलेल्या, परंतु रक्तप्रवाहाच्या चित्रात वाचण्याजोगा भाग दिसणाऱ्या रुग्णांची गुठळी धमनीतून नळी घालून काढली. तीन महिन्यांनी त्यांपैकी ४५ टक्के रुग्ण स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकत होते. केवळ औषधोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. या अभ्यासात बहुतेकांची तपासणी सीटी स्कॅनने आणि उरलेल्यांची एमआरआयने, तीही औषध टोचण्याच्या रीतीने झाली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. पक्षाघातात सेकंदांना किंमत असते आणि सीटी अधिक ठिकाणी तत्काळ उपलब्ध असते.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की आता सवड आहे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर क्षणाचाही विलंब न करता सीटी वा एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देता येते आणि त्यासाठी रक्तप्रवाहाच्या रंगीत चित्राची वाट पाहण्याचे सहसा कारण नसते. रात्री निजताना धडधाकट असलेला माणूस सकाळी लुळा होऊन उठतो आणि आघात केव्हा झाला हे कोणालाच ठाऊक नसते, अशा वेळी मात्र घड्याळ निरुपयोगी ठरते आणि चित्रावरच भिस्त ठेवावी लागते.

आकडा काय सांगत नाही

जास्त रक्त म्हणजे जास्त आरोग्य, असे समीकरण मांडू नये. पंडुरोगात किंवा महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. ती भरून काढण्यासाठी मेंदूतील प्रवाह वाढतो. तेथे मोठा आकडा हे ओढाताणीचे लक्षण असते. अपस्माराचा झटका सुरू असताना त्या जागी रक्त उसळते. उलटपक्षी स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर प्रकारात मेंदूच्या मागील व बाजूच्या विशिष्ट भागांतील प्रवाह मंदावतो. परंतु केवळ त्या चित्रावरून कोणाला अल्झायमर झाल्याचे ठरवीत नाहीत. स्मरणशक्तीच्या चाचण्या, अन्य तपासण्या आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत यांच्या पंक्तीत ते एक साक्षीदार म्हणून बसते. मेंदूच्या आतील पांढऱ्या भागाबाबत तर ते साक्षीदार म्हणूनही दुबळे आहे. तेथे रक्त मुळातच कमी आणि उशिरा पोहोचते.

वृत्तपत्रांतून “प्रार्थनेच्या वेळी मेंदूचा अमुक भाग उजळतो” अशा बातम्या अधूनमधून येतात, त्यांविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. कॅनडात मॉन्ट्रियल येथे कार्मेल संघाच्या १५ धर्मभगिनींनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात भाग घेतला होता. देवाशी एकरूपतेचा आपल्या आयुष्यातील सर्वांत उत्कट अनुभव आठवून पुन्हा जगण्यास त्यांना सांगण्यात आले. त्या वेळी मेंदूचे एक नव्हे तर अनेक भाग कार्यरत झालेले दिसले. त्या अभ्यासात वापरलेला एमआरआय रक्तप्रवाह थेट मोजत नव्हता. रक्तातील प्राणवायूच्या फेरफारामुळे चित्रात होणारा बदल तो टिपत होता. शिवाय मेंदूत रक्त कोठे वाढले याचे उत्तर हे ‘कोठे’ याचेच उत्तर असते. त्या भगिनींनी जे अनुभवले ते खरे की भास, हे त्यावरून ठरत नाही, मग चाहत्यांनी व टीकाकारांनी काहीही म्हणो.

तपासणीला जाताना

आणखी काही व्यावहारिक गोष्टी. चहा-कॉफीतील कॅफीन मेंदूच्या धमन्या आकुंचित करते. दोन-तीन कप कॉफीने प्रवाह पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक घटू शकतो. श्वास रोखला तर रक्तातील कर्बवायू वाढून प्रवाह वाढतो, भराभर श्वास घेतला तर उलट होते. तेव्हा किती वाजता काय प्यायलो हे तंत्रज्ञांना सांगावे आणि यंत्रात शांतपणे, नेहमीसारखा श्वास घेत पडून राहावे.

गळ्यातील साखळी, क्रूस, पवित्र मारियेचे पदक, खिशातील जपमाळ, सारे काही बाहेर ठेवून जावे. पेसमेकर किंवा शरीरात बसविलेली धातूची वस्तू असल्यास आधीच कळवावे. चुंबक विजेच्या दिव्यासारखा बंद करता येत नाही. यंत्र स्तब्ध दिसत असले तरी तो रात्रंदिवस चालू असतो. २०१८च्या जानेवारीत मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला चुंबकाने सिलिंडरसह ओढून घेतले आणि त्या तरुणाचा मृत्यू झाला. कोणीही, अगदी कर्मचाऱ्याने जरी “चला आत” म्हटले, तरी अंगावर व हातात धातू नाही याची खातरजमा केल्याविना उंबरठा ओलांडू नये.

आणि तपासणी पुन्हा करावयाची झाल्यास शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करून घ्यावी व जुनी सीडी सोबत न्यावी. दोन वेगळ्या यंत्रांवरील आकडे, विराम आणि पद्धत निराळी असल्यास, सरळ एकमेकांशेजारी ठेवून तोलता येत नाहीत.